नागपूरजवळ तंबू, गळ आणि गंजातला रस्सा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "भाऊ, यंदा मासे धरायला कुठं जायचं?" गेली बरीच वर्षं आम्ही चार-पाच जण हिवाळ्यात तलावाकाठी तंबू ठोकतो, जमलं तर मासा धरतो आणि तिथंच गंजात, म्हणजे पातेल्यात, रांधून खातो. पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते एकदाच लिहून ठेवतोय.

नागपूरहून निघायचं तर कुठं जावं?

जागेआधी हे समजून घ्या की आपल्या भागात बेवारस पाणी नसतं. धरण असो, मामा तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातला तलाव) असो की गावतळं, मासेमारीचा ठेका कुणाकडे तरी असतोच. बहुतेक ठिकाणी तो ढीवर-भोई समाजाच्या सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरून माशांचं बीज सोडते आणि वर्षभर राखण करते. आपण शनिवारी गाडी घेऊन जातो आणि गळ टाकून बसतो, तेव्हा त्यांच्या लेखी आपण शेतातून हरभरा उपटणारे शहरी पोट्टे असतो.

म्हणून आम्ही आधी माणूस शोधतो, तलाव मागून. रामटेककडे खिंडसी, उमरेडकडे मकरधोकडा, बुटीबोरीकडे वडगाव धरण, पूर्वेला भंडारा-गोंदियाचे मामा तलाव असे पर्याय पुष्कळ आहेत. काठावर डोंगा, म्हणजे लहान होडी, बांधलेला दिसला की गावात जाऊन विचारायचं, "डोंगा कोणाचा?" पुढची वाट तोच माणूस दाखवतो.

पहिल्या वर्षी आम्हाला ही अक्कल नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावावर आम्ही मुकाट्यानं गऱ्या टाकून बसलो होतो. तासाभरानं एक म्हातारे काका खांद्यावर जाळं टाकून आले. रागावले नाहीत. बाजूला बसून विडी पेटवली आणि म्हणाले, "टाका ना गऱ्या, कोन नाही म्हनते? पन इचारत त जा बापा." तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडेच जातो. यात लिहिलेलं निम्मं त्यांचंच आहे.

परवानगी लेखी लागते का? कोणाकडून?

ठेका संस्थेकडे असेल तर संस्थेच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला भेटा. दिवसाचे पैसे ठरवून द्या आणि पावती मागा. मोठ्या जलाशयांचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून जातो, लहान तलावांचा जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीकडून. तंबू ठोकायची जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतात येते, तेव्हा शेतमालकाची परवानगी वेगळी घ्या. धरणाच्या भिंतीवर आणि सांडव्याजवळ बसू नका. तिथून हुसकावलं तर वाद घालण्यात अर्थ नसतो.

मामा तलावांचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. माजी मालगुजारी म्हणून मामा. मालगुजारी, म्हणजे इकडची जुनी जमीनदारी, 1950 च्या कायद्यानं गेली आणि तलाव सरकारजमा झाले, पण पाण्यावरचे शेतकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे वापराचे पूर्वापार हक्क, राहिले. त्यामुळे एकाच तलावात पाण्यावर हक्क एकाचा आणि माशावर दुसऱ्याचा असं दिसतं. धानाला पाणी सोडायच्या दिवसांत त्यावरून कुरबुरीही होतात. अशा वेळी आपण मध्ये तंबू ठोकून बसू नये.

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथं गळ टाकता येईल का?

नाही. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात मासे धरण्याचा विषयच काढू नका. राखीव जंगलातही भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 प्रमाणे परवानगीशिवाय मासे धरणं गुन्हा आहे. आग पेटवणंही त्याच कलमात येतं.

तोतलाडोहचं उदाहरण माहीत असलेलं बरं. पेंच नदीवरचं हे धरण महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर, व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. मध्य प्रदेशच्या बाजूच्या उद्यानातून बाहेर काढलेल्या आदिवासींना तिथं मासेमारीचे 305 परवाने दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1997 मध्ये न्यायालयानं परवाने राहू दिले, पण अटी घातल्या. त्यातली एक अशी की जलाशयाच्या काठावर स्वयंपाकासाठीही आग पेटवायची नाही. ज्यांचं पोट त्या पाण्यावर होतं त्यांनाही तिथं चूल लावायची मुभा नव्हती. मग आपण हौशे-गवशे कोण?

फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर? घराजवळच आहे सगळं.

गळ टाकून बसलेली माणसं तिथं दिसतात, खरं आहे. मी तिथला मासा खात नाही. शहराचं सांडपाणी, मूर्तींचे रंग आणि जलपर्णी पाहिल्यावर भूक उरत नाही. नाग नदी शहराची घाण घेऊन पूर्वेला कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे वैनगंगेला, म्हणून आंभोऱ्याकडच्या फुगवट्याच्या पाण्याबद्दलही मी जरा हात राखूनच असतो. वीजकेंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याखालचा नाला, कारखान्यामागचं डबकं, कपाशीच्या शेतात फवारणी झाल्यावर पहिल्या पावसात वाहून आलेलं पाणी हेही टाळा.

मोसम कोणता चांगला?

माणसासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माशासाठी विचाराल तर त्याला ऊब आवडते. डिसेंबरात नागपूरकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळी सहाला गळ टाकून कुडकुडण्यात काही अर्थ नसतो. रोहू-कतला थंड पाण्यात सुस्त पडतात, चारा कमी घेतात. दहानंतर ऊन पाण्यात मुरलं की हालचाल सुरू होते. आम्ही हिवाळ्यात अकरा ते चार बसतो. उन्हाळ्यात उलटं, पहाट आणि तिन्हीसांज. पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तंबूत झोपायला आमच्यातलं कोणी तयार होत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. पहिल्या पुरात मासे नाल्यातून वर चढतात, अंडी घालायला. हे चढणीचे मासे गाबोळीनं भरलेले असतात, पळायला जागा नसते आणि काठीनंही मारता येतात. गावोगावी लोक ते धरतात, चवीनं खातात. ज्यांना त्यातूनच चार पैसे मिळतात त्यांना मी काय सांगणार? पण आपल्याला हौसेखातर पोटातली लाखभर अंडी गंजात घालायची गरज नाही.

सामान काय काय लागतं?

दुकानदार सांगेल त्याच्या चौथा हिस्सा. सरळ, वाळलेली बांबूची काठी चालते. 0.30 ते 0.40 मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा), दोन-तीन मापांचे गळ, शिशाचे मणी आणि तरंग्यासाठी थर्माकोलचा तुकडा किंवा बाटलीचं बूच एवढं पुरे. चाकाची काठी असली तर गळ लांब पडतो, पण मामा तलावाच्या काठाला कमळ आणि शेवाळ इतकं असतं की लांब टाकलेला गळ निम्म्या वेळा त्यातच अडकतो.

सोबत बारीक चिमटा, धारदार सुरी, लाकडी पाट, जाळीची पिशवी आणि बर्फाचा डबा. तुटलेला तंगूस काठावर टाकून येऊ नका. बगळ्यांच्या पायात तो गुंडाळलेला मी पाहिला आहे.

फेकजाळं शिकायचा मोह होतो. काका ते एका हातानं असं फेकतात की हवेत ताट उघडल्यासारखं गोल होऊन पाण्यावर बसतं. मी फेकलं की त्याचं बोचकं होतं. जाळ्याची परवानगी तशीही पाहुण्याला मिळत नाही. सुरुंग आणि विष यांना 1897 च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, बॅटरीच्या करंटचंही नाव काढू नका.

आमिष कोणतं लावायचं आणि गळ किती खोल सोडायचा?

माशाचं तोंड बघा, उत्तर तिथं आहे. कतल्याचं डोकं मोठं आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी गाळ उपसत फिरतो. कणकेचा एकच गोळा तिघांना चालतो, फक्त तरंगा आणि गळ यांतलं अंतर बदलायचं.

आमचा गोळा असा : कणीक, भाजलेलं बेसन, चुरलेली फल्लीची (शेंगदाण्याची) ढेप, चिमूटभर हिंग आणि मळायला गुळाचं पाणी. बोटाला चिकटणार नाही आणि पाण्यात पाच मिनिटं सुटणार नाही इतका घट्ट. बसायच्या जागी आधी थोडी भिजवलेली ढेप पाण्यात टाकून अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास कोणालाच थांबवत नाही आणि तिथंच खेळ बिघडतो.

मरळ, शिंगाडा, वाम हे मांसाहारी. त्यांना गांडूळ किंवा बारकी मासोळी लागते. मरळीला बेडूक लावायची जुनी रीत आहे, ती आम्ही सोडली. मरळीबद्दल आणखी एक. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका हलताना दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात आणि ते कशावरही झडप घालतात. अशा वेळी मरळ धरणं फार सोपं. आणि ती धरली की पिलं तासाभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. तिथून गळ उचला.

कासव लागलं तर?

सोडून द्या, लगेच. आपल्या तलावांतलं मऊ पाठीचं कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. गळ ओठाला असेल तर चिमट्यानं काढा, घशात गेला असेल तर ओढू नका, तंगूस शक्य तितका जवळून कापा. आणि बोटं तोंडापासून लांब ठेवा.

शिंगीचा काटा टोचला. काय करायचं?

शिंगीच्या आणि मांगुराच्या कल्ल्यांमागच्या परांत काटे असतात. शिंगीचा काटा विषारी, टोचला की मोठा माणूसही रडकुंडीला येतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, साधारण 45 डिग्री, अर्धा ते दीड तास. विष प्रथिनांचं असतं, ते उष्णतेनं निकामी होतं आणि ठणका उतरतो. पाणी आधी दुसऱ्यानं हात घालून पाहावं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा आत तुटला, सूज वर चढू लागली किंवा श्वासाला त्रास झाला तर 108 ला फोन करून दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्या.

मासा लागला. आता?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण रस्सा इथंच बनतो किंवा बिघडतो.

रांधायला वेळ असेल तर मासा जाळीच्या पिशवीत, पाण्यात, सावलीत जिवंत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. एका एप्रिलमध्ये आम्ही दीड किलोचा रोहू तसा गाडीच्या डिकीत ठेवून गप्पा मारत बसलो. दोन तासांनी पिशवी सोडली तेव्हा पोट फुगलेलं आणि डोळे पांढरे. तो पुरला आणि आलूची भाजी खाल्ली. उन्हाळ्यात मेलेला मासा तासाभरात बर्फात किंवा चुलीवर गेला पाहिजे.

मारताना डोळ्यांच्या वर डोक्यावर जड लाकडाचा एक नेमका घाव घाला. तडफडू देऊ नका. मग कल्ले कापून रक्त जाऊ द्या.

खवले शेपटीकडून डोक्याकडे, सुरीच्या पाठीनं. काका हे पाण्याच्या कडेला उकिडवे बसून करतात. डाव्या पायाचा अंगठा शेपटीवर, मासा ओला आणि हात राखेत बुडवलेला, म्हणजे निसटत नाही. मग पोटाला शेपटीकडच्या छिद्रापासून कल्ल्यापर्यंत चीर, सुरीचं टोक वर धरून, खोल न घालता. आत यकृताला चिकटून एक हिरवी-काळी थेंबासारखी पिशवी दिसेल. ते पित्त. काका बोलता बोलता इथं थांबतात, दोन बोटांनी ती यकृताच्या तुकड्यासकट उचलतात आणि बाजूला ठेवतात. ती फुटली तर मांस कडू होतं. लागलेला भाग लगेच कापून टाका आणि बाकीचं मीठ लावून धुवा.

आणि हे पित्त कोणी औषध म्हणून गिळायला सांगितलं तर ऐकू नका. मधुमेहाला, सांधेदुखीला रोहूचं पित्त चांगलं असं सांगणारे भेटतात. ते गिळल्यानं मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण आपल्या देशात नोंदले गेले आहेत.

शेवटी पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली काळपट रक्ताची रेघ नखानं खरवडून काढा. कल्ले फेका. डोकं ठेवा, कतल्याचं तर नक्कीच.

तलावातल्या माशाला चिखलाचा वास येतो. तो कसा जातो?

तो वास चिखलाचा नसतो. पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरतं. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा गंधही त्याचाच. आंबट पदार्थानं तो मोडतो. आपल्याकडे माशाच्या रश्श्यात चिंच किंवा आंबाडी का पडते ते यावरून कळेल. तुकड्यांना हळद, मीठ आणि दोन लिंबांचा रस चोळून वीस मिनिटं ठेवा, मग धुवा. तळाला राहणाऱ्या मृगळाला हे हवंच.

चुलीवर काय रांधता? सावजी रस्सा जमतो का?

मसाला घरून भाजून-वाटून नेला तर जमतो. पाट्यावरचं काम जंगलात करायला गेलात तर रात्रीचे अकरा वाजतील. आम्ही नेतो तो असा : सुकं खोबरं, खसखस, धणे, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, मोठी विलायची, तेजपान आणि दगडफूल. सगळं वेगवेगळं भाजलेलं, एकत्र दळलेलं. भिवापुरी मिरचीचं तिखट वेगळ्या पुडीत, म्हणजे ज्याला सोसत नाही त्याची सोय होते. थोडं भाजलेलं ज्वारीचं पीठ, रश्श्याला अंग येण्यासाठी.

किलोभर माशाला तीन मोठे कांदे. गंजात वाटीभर तेल, जवसाचं मिळालं तर उत्तम, नाहीतर फल्लीचं. कांदा काळपट-तांबूस होईपर्यंत परता. अद्रक-लसूण, मग तीन चमचे मसाला, तिखट, हळद. तेल सुटेपर्यंत हात थांबवू नका, चुलीचा जाळ कमी-जास्त होत राहतो आणि खसखस तळाला लागते. चमचाभर ज्वारीचं पीठ, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तीन-चार पेले गरम पाणी. खळखळ उकळी येऊन वर तर्री दिसली की मासे सोडा. पुढे आठ-दहा मिनिटं. यानंतर चमचा घालायचा नाही. फडक्यानं गंजाचे काठ धरून हलवा, नाहीतर तुकड्यांचा भुगा होतो. वरून सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर.

सोबत ज्वारीची भाकर किंवा चिन्नोरचा भात. मला रश्श्याशी भातच लागतो, आमच्यातले दोघे भाकरीवाले आहेत. त्यावरून दरवर्षी भांडण होतं आणि शेवटी दोन्ही रांधावं लागतं.

काही सोपं सांगा. मसाला, गंज एवढं सगळं कोण नेणार?

मग पळसाच्या पानातला मासा. तळहाताएवढी चिलापी किंवा लहान रोहू साफ करून दोन्ही बाजूंना तिरप्या चिरा द्या. मीठ, हळद, लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा चिरांत भरा, थोडं तेल. पळसाची तीन-चार पानं एकावर एक ठेवून पुडी करा, दोऱ्यानं बांधा आणि निखाऱ्यावर ठेवा. ज्वाळेवर ठेवलीत तर पान पेटतं आणि मासा कच्चा राहतो. एका बाजूनं दहा मिनिटं, उलटून पुन्हा दहा. बाहेरची पानं कोळसा होतात, आतलं मासोळीला चिकटतं. सोडताना जो वास येतो तो पळसाचा.

पानं शेताच्या बांधावरची घ्या, मालकाला सांगून. फेब्रुवारीपर्यंत पळस ओका होऊन फुलायला लागतो, तेव्हा घरून केळीची पानं न्या.

मासा शिजला हे कसं ओळखायचं?

काटेचमच्यानं किंवा काडीनं जाड भागात दाबा. मांस दुधाळ पांढरं झालेलं आणि कण्यापासून पाकळ्या-पाकळ्यांनी सुटत असेल तर झालं. काचेसारखं दिसत असेल तर परत ठेवा. गोड्या पाण्यातल्या माशात माणसाला बाधणारे जंत असू शकतात, म्हणून कच्चा किंवा अर्धा शिजलेला खायचा प्रयोग इथं नको.

लहान मुलं सोबत आहेत. काटे फार असतात ना?

रोहू-कतला-मृगळ यांच्या मांसात दोन तोंडांचे बारीक काटे विखुरलेले असतात, शेपटीकडे जास्त. मुलांना पोटाकडचा तुकडा द्या, तिथं फक्त बरगडीचे मोठे काटे असतात. मरळ मिळाली तर प्रश्नच मिटला, तिला मधला काटा सोडला तर फारसं काही नसतं. म्हणून तर ती बाजारात महाग.

चूल पेटवायला बंदी असते का?

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. या दिवसांत जंगलालगत उघडी आग नकोच, गॅसची छोटी शेगडी न्या आणि तीही मोकळ्या शेतात. इतर वेळी मोकळी, गवत काढलेली जमीन, भोवती दगड आणि शेजारी पाण्याची बादली. निघताना राखेत हात घालून पाहा, कोमट लागली तरी आणखी पाणी ओता.

रात्री जनावरं येतात का?

माशाच्या वासानं कुत्री, कोल्हे, रानडुकरं येतात. मोहाच्या दिवसांत अस्वलाचा धोका असतो. आतडी-खवले तंबूपासून लांब, पाण्यापासूनही लांब, हातभर खोल पुरा. आणि जागा गावाला लागूनच निवडा. उमरेड, रामटेक, बोरच्या बाजूला जंगलाबाहेरही वाघ फिरतो. खाली सतरंजीवर झोपू नका, मण्यार रात्रीच फिरते. तंबूची चेन बंद, जोडे आत, बाहेर पडताना टॉर्च.

आणि मासाच लागला नाही तर?

तीनातल्या एका खेपेला असंच होतं. तेव्हा संध्याकाळी काकांच्या डोंग्याची वाट पाहतो आणि त्यांच्याकडून विकत घेतो, ते सांगतील त्या भावानं, घासाघीस न करता. शहरातल्या बाजारात आंध्रातून बर्फात आलेला रोहू मिळतो, त्यापेक्षा हा कधीही सरस. काकांनाही काही लागलं नसेल तर पिशवीत बेसन असतंच. चून-भाकर, वर कच्चा कांदा. सकाळी दहाला पुन्हा गळ.